विश्लेषण : इंदापूरच्या शेतसाऱ्याचे गणित बदलणारे हेन्री गोल्डस्मिड कोण होते? ‘हेन्री’ या नावात ‘शेत’ आणि ‘राजा’ कसे?

मोबाइलवर सातबारा उघडला की त्यात गट किंवा सर्व्हे नंबर दिसतो, क्षेत्र दिसते, पोटखराबा दिसतो आणि ‘आकार’ या रकान्यात काही रुपये-पैशांची रक्कम दिसते. बहुतेकांची नजर नावावर आणि क्षेत्रावर जाते. आकाराकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण आज ती रक्कम किरकोळ वाटते. पण जवळपास दोनशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात शेतकरी गावात राहणार की गाव सोडून जाणार, हे या एका आकड्यावर ठरत होते. तो आकडा कसा काढायचा याची नवी रीत १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात तयार झाली. ती तयार करणाऱ्यांत हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा तेव्हा अवघ्या २३ वर्षांचा अधिकारी होता. गोल्डस्मिड यांचे आयुष्य, त्यांच्या नावाचे मूळ आणि त्यांच्या पद्धतीचे इंदापूर-बारामती परिसरावर झालेले बरे-वाईट परिणाम यांचा हा आढावा.

‘हेन्री’ या नावाचा अर्थ काय?

हेन्री हे नाव इंग्रजी वाटत असले तरी त्याचे मूळ जुन्या जर्मन भाषेत आहे. ‘हाइमिरिख’ हे त्याचे जुने रूप. ‘हाइम’ म्हणजे घर आणि ‘रिख’ म्हणजे सत्ताधीश. घराचा धनी, असा त्याचा सरळ अर्थ. जर्मन वंशाच्या जुन्या टोळ्यांत दोन शब्द जोडून मुलाचे नाव ठेवण्याची रीत होती. फ्रेडरिक म्हणजे शांतता आणि सत्ताधीश, एडवर्ड म्हणजे संपत्ती आणि रखवालदार, रॉबर्ट म्हणजे कीर्ती आणि तेज. ही सगळी नावे याच पद्धतीची आहेत.

मराठी वाचकाला यातली पुढची गोष्ट अधिक जवळची वाटेल. ‘रिख’ हा शब्द आणि संस्कृतमधला ‘राजन्’ हे एकाच प्राचीन धातूपासून आले आहेत. लॅटिनमधला ‘रेक्स’ हाही त्यांचाच भाऊबंद. ‘हाइम’ आणि इंग्रजीतला ‘होम’ यांचा संबंध अनेक भाषाशास्त्रज्ञ वस्ती करणे, राहणे या अर्थाच्या एका जुन्या धातूशी जोडतात. संस्कृतमध्ये त्याच धातूचे रूप ‘क्षि’ आहे. त्यापासून ‘क्षेत्र’ हा शब्द झाला आणि क्षेत्रावरून मराठीत ‘शेत’ आले. म्हणजे फार मागे गेले तर हेन्री या नावात शेत आणि राजा हे दोन्ही शब्द सापडतात. शेतातून राजाने किती घ्यायचे, हाच प्रश्न सोडवण्यात गोल्डस्मिड यांची उमेदीची वर्षे गेली, हा योगायोग.

जगभर या नावाचे मानकरी कोण?

हे नाव युरोपभर पसरले ते राजांमुळे. सन ९१९ मध्ये हेन्री पहिला जर्मन प्रदेशाचा राजा झाला. त्यानंतर जर्मन राजघराण्यांत हे नाव पुन्हा पुन्हा आले. १०६६ मध्ये नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर हे नाव तिकडे गेले. इंग्लंडला पुढे या नावाचे आठ राजे मिळाले. त्यातला आठवा हेन्री पोपशी झालेल्या भांडणामुळे आणि सहा लग्नांमुळे प्रसिद्ध आहे. फ्रान्समध्ये चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा दिली.

भाषा बदलली तसे नावाचे रूप बदलले. जर्मनमध्ये हाइनरिख, फ्रेंचमध्ये आंरी, इटालियनमध्ये एन्रिको, डचमध्ये हेंड्रिक, पोर्तुगीजमध्ये हेन्रिक. पोर्तुगालच्या हेन्रिक या राजपुत्राने पंधराव्या शतकात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जहाजे धाडायला सुरुवात केली. त्याच मार्गाने पुढे वास्को द गामा भारतात पोहोचला आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला. विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध करणारे हाइनरिख हर्ट्झ, अणुविज्ञानातले एन्रिको फर्मी, नाटककार हेन्रिक इब्सेन, रेड क्रॉसच्या स्थापनेमागचे आंरी द्युनां आणि मोटार घराघरात नेणारे हेन्री फोर्ड हे सगळे एकाच नावाचे धनी. ब्रिटनचे राजपुत्र हॅरी यांचेही पाळण्यातले नाव हेन्रीच आहे. इंग्लंडमध्ये जुन्या काळी हेन्रीचा उच्चार हॅरी असाच होत असे.

या यादीत गोल्डस्मिड यांचे नाव सहसा येत नाही. त्यांनी राज्य जिंकले नाही की शोध लावला नाही. पण पश्चिम भारतातल्या लाखो शेतकऱ्यांच्या रोजच्या जगण्याशी त्यांच्या कामाचा जितका संबंध आला, तितका या यादीतल्या फार थोड्यांचा आला असेल.

गोल्डस्मिड इंदापूरला कसे पोहोचले?

त्यांचा जन्म ९ मे १८१२ रोजी झाला. वडील एडवर्ड गोल्डस्मिड लंडनमध्ये राहत. आडनावाचा अर्थ सोनार. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी निवड झाल्यावर त्यांनी हेलीबरी येथील कंपनीच्या कॉलेजात शिक्षण घेतले. भारतात जाणाऱ्या मुलकी अधिकाऱ्यांना तेथे तयार केले जाई. लोकसंख्येच्या सिद्धांतामुळे प्रसिद्ध झालेले माल्थस तेथे अर्थशास्त्र शिकवत. गोल्डस्मिड यांनी फारसी आणि हिंदुस्थानी या भाषांत बक्षिसे मिळवली आणि १८३२ मध्ये ते मुंबई इलाख्यात रुजू झाले.

तीन वर्षांनी, १८३५ मध्ये, त्यांच्याकडे इंदापूरचे काम आले. त्या वेळी इंदापूर म्हणजे कोरडवाहू माळ. आज या पट्ट्यात ऊस, द्राक्षे आणि डाळिंब दिसतात. पण नीरा डावा कालवा सुरू झाला १८८५ मध्ये आणि उजनीचे पाणी आले त्याच्याही फार नंतर. गोल्डस्मिड आले तेव्हा पाऊस बेभरवशाचा होता आणि पीक ज्वारी-बाजरीचे. एक वर्ष साधले तर दोन वर्षे हातची जात.

इंदापुरात तेव्हा काय बिघडले होते?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुणे प्रांत कंपनीकडे आला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार जास्तीत जास्त वसूल करून मोकळा होई. कंपनीने मक्ते बंद केले, पण दर चढेच ठेवले. नंतर धान्याचे भाव पडले. सारा मात्र रोख रकमेत भरायचा होता. तेवढाच सारा भरण्यासाठी शेतकऱ्याला आधीपेक्षा जास्त धान्य विकावे लागू लागले.

यावर तोडगा म्हणून १८२७ च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडे जमिनीच्या पाहणीचे काम देण्यात आले. प्रिंगलही हेलीबरीत शिकलेले होते. त्यांची कल्पना कागदावर नेटकी होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्यातला निम्म्याहून अधिक वाटा सरकारने घ्यायचा. हा विचार त्या काळच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञांच्या खंडाच्या सिद्धांतातून आला होता.

प्रिंगल यांची पाहणी का फसली?

पहिले कारण म्हणजे आकडेच खोटे होते. हजारो शेतांचे उत्पन्न आणि खर्च एका अधिकाऱ्याला तपासणे शक्य नव्हते. सगळा भार खालच्या कारकुनांवर पडला. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन कागदावर हलकी झाली आणि ज्याने केले नाहीत त्याचा मुरमाड माळ चांगल्या प्रतीत गेला. दुसरे कारण म्हणजे निव्वळ उत्पन्न ही गोष्ट कोरडवाहू शेतीत दरवर्षी बदलते. सरासरी काढता येते, पण दुष्काळाच्या वर्षी सरासरीवर पोट भरत नाही.

परिणाम लवकर दिसला. सारा भरणे शक्य नसल्याने दरवर्षी सूट द्यावी लागे. ती किती मिळणार, हे गावकामगार आणि कारकून यांच्या मर्जीवर राही. थकबाकी साचत गेली. वसुलीसाठी लोकांना उन्हात उभे करणे, शारीरिक छळ करणे असे प्रकार होत असल्याचे सरकारच्याच पुढच्या अहवालांत नमूद झाले. वतनी हक्काने जमीन कसणारे मिरासदारसुद्धा जमिनी टाकू लागले. उपरी कुळांना तर बांधून ठेवणारे काहीच नव्हते. माणसे बैलजोडी घेऊन शेजारच्या मुलखात, काही निजामाच्या हद्दीपर्यंत निघून गेली. लागवडीजोगी जमीन मोठ्या प्रमाणावर पडीक पडली. सरकारने जास्त मागितले आणि शेवटी सरकारच्याच हाती कमी आले.

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काय केले?

गोल्डस्मिड यांनी गावोगाव फिरून हिशेब तपासले तेव्हा प्रिंगल यांच्या प्रतवारीतला घोळ समोर आला. त्यांच्या जोडीला मुंबई इंजिनीअर्स या लष्करी पथकातले लेफ्टनंट जॉर्ज विंगेट आले. लेफ्टनंट नॅश यांचाही या कामात सहभाग होता. येथेही नावाची गंमत आहे. जॉर्ज हे नाव ग्रीक असून त्याचा अर्थ जमीन कसणारा, म्हणजे शेतकरी.

या दोघांनी जुनी मोजणी सरसकट फेकली नाही. ती तपासली, जिथे चूक होती तिथे पुन्हा साखळी टाकली. ३३ फुटांच्या साखळीने मोजणी होई. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर. आजही बारामती-इंदापुरात जमिनीचा व्यवहार बोलताना हेच गुंठे चालतात.

एक बैलजोडी कसू शकेल एवढ्या जमिनीचा अंदाज धरून सर्व्हे नंबर पाडले गेले. प्रत्येक नंबराच्या हद्दीवर दगड आणि मातीच्या खुणा उभ्या राहिल्या. गावाचा नकाशा झाला. सारा आता गावावर किंवा घराण्यावर एकत्र न बसता या ठरावीक नंबरावर बसू लागला. शेजाऱ्याने सारा बुडवला म्हणून दुसऱ्याच्या दारात शिपाई येण्याचे कारण उरले नाही.

जमिनीची प्रत कशी ठरवली जाई?

प्रतबंदीची ही पद्धत पुढे पक्की झाली. तिचे मूळ इंदापूरच्या कामात आहे. शेताचे छोटे भाग पाडून प्रत्येक भागात खड्डा घेऊन माती पाहिली जाई. काळी, तांबूस किंवा फिकट आणि मुरमाड असे मातीचे तीन मुख्य प्रकार. मग थर किती खोल आहे ते पाहायचे. पावणेदोन हात खोल काळी माती सर्वांत वरच्या वर्गात. चुनखडी, वाळू, उतार, ओल न धरणे, पाण्याने माती वाहून जाणे असे दोष सापडले की जमीन खालच्या वर्गात उतरे.

वर्ग नऊ होते आणि ते आण्यांत मोजले जात. सर्वांत चांगली जमीन १६ आण्यांची, सर्वांत हलकी २ आण्यांची. हवामान, पाऊस, बाजाराचे अंतर आणि मागच्या अनेक वर्षांतली प्रत्यक्ष वसुली पाहून गावांच्या गटासाठी एक कमाल दर ठरे. समजा हा दर एकरी एक रुपया असेल, तर ८ आण्यांच्या जमिनीला एकरी ८ आणे. शेतकऱ्याला स्वतः बोटांवर काढता येईल असा हा हिशेब होता. कारकुनाच्या मर्जीला त्यात कमी जागा राहिली.

प्रिंगल आणि गोल्डस्मिड यांच्यातला मुख्य फरक इथे आहे. प्रिंगल यांनी आधी सिद्धांत घेतला आणि त्यातून दर काढला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी कोणत्या दराने लोक जमीन कसतात आणि कोणत्या दराने टाकून देतात, हे जुन्या दप्तरातून पाहिले आणि दर त्या मर्यादेच्या खाली आणला.

शेतकऱ्याला यातून काय मिळाले?

तीन गोष्टी मिळाल्या. पहिली, दर उतरले. दुसरी, ठरलेला दर ३० वर्षे बदलणार नाही अशी हमी मिळाली. त्या मुदतीत स्वतःच्या खर्चाने विहीर खणली, ताल घातली, माळ फोडून जमीन काढली, तरी सारा वाढणार नव्हता. केलेल्या कष्टाचे फळ घरात राहणार, ही खात्री त्या भागातल्या शेतकऱ्याला बऱ्याच काळानंतर मिळत होती. तिसरी, सारा भरत राहील तोपर्यंत जमिनीवरचा कब्जा त्याचाच, वारसाने पुढे जाणारा आणि विकता येणारा. नको असलेला नंबर राजीनामा देऊन सोडता येई आणि पडीक नंबर मागून घेता येई.

१८३६ पासून इंदापुरात हे दर लागू झाले. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली येऊ लागल्या आणि दर कमी होऊनही वसुली सुधारली, कारण ती होऊ शकत होती. हा अनुभव पाहून ही पद्धत सोलापूर, नगर, धारवाड आणि इलाख्याच्या इतर भागांत गेली. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी संयुक्त अहवाल सादर केला. मोजणी, प्रतबंदी आणि दर यांचे नियम त्यात एकसारखे बांधले गेले. महसूल खात्यात हा अहवाल पुढे अनेक दशके आधारभूत मानला गेला. वऱ्हाड आणि म्हैसूरपर्यंत ही पद्धत पोहोचली. मुंबई इलाख्याने १८६५ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले आणि १८७९ च्या जमीन महसूल संहितेत ती सामावली गेली.

गोल्डस्मिड यांचे पुढे काय झाले?

ते मुंबई सरकारच्या सचिवालयात गेले. महसूल आणि वित्त विभागाचे सचिवपद सांभाळल्यानंतर १८५४ मध्ये ते मुख्य सचिव झाले. पण प्रकृती खालावली होती. हवापालटासाठी निघालेल्या गोल्डस्मिड यांचे ३ जानेवारी १८५५ रोजी कैरो येथे निधन झाले. तेव्हा ते ४२ वर्षांचे होते.

दहा वर्षांनी, १८६५ मध्ये, इंदापूर तालुक्यातल्या डिकसळ येथे वर्गणीतून त्यांच्या स्मरणार्थ एक धर्मशाळा उभी राहिली. जिथून ही पाहणी सुरू झाली त्या जागेजवळचे हे गाव. पुणे-सोलापूर रेल्वे तोवर येथून धावू लागली होती. धर्मशाळेच्या उद्घाटनाला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर उपस्थित होते. फ्रिअर स्वतः तरुणपणी पुण्यात सहायक कलेक्टर होते. त्यांचे पूर्ण नाव हेन्री बार्टल एडवर्ड फ्रिअर. म्हणजे एका हेन्री एडवर्डच्या स्मारकाला दुसरे हेन्री एडवर्ड आले होते.

३० वर्षांची मुदत संपल्यावर काय घडले?

इंदापूरचे दर सर्वांत आधी ठरले होते, त्यामुळे मुदतही तिथलीच आधी संपली. १८६७ मध्ये कर्नल फ्रान्सिस यांनी फेरआकारणी केली. हा काळ तेजीचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेच्या कामांमुळे मजुरी वाढली होती. धान्य महागले होते. ही तेजी टिकेल, असे धरून सारा मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आला. पाठोपाठ शेजारच्या तालुक्यांतही वाढ झाली. काही वर्षांतच भाव उतरले. चढलेला सारा तसाच राहिला.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून या वाढीविरुद्ध आवाज उठवला. सरकारला १८७४ मध्ये मर्यादा घालावी लागली. तालुक्याची वाढ ३३ टक्के, एका गावाची ६६ टक्के आणि एका खातेदाराची १०० टक्के याहून अधिक नको, असे ठरले. पण तोवर उशीर झाला होता.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. त्यांचा रोख मुख्यतः कर्जाच्या खतांवर होता. कागद हिसकावून जाळण्यात आले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. तेथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात हे दख्खनचे दंगे म्हणून ओळखले जातात.

या दंग्यांना गोल्डस्मिड यांची पद्धत जबाबदार होती का?

थेट नाही, पण संबंध आहे. पाहणीपूर्वी शेतकऱ्याच्या जमिनीला बाजारात फारशी किंमत नव्हती, कारण साऱ्यातच सगळे जाई. सारा उतरला, हद्द पक्की झाली, नंबर मिळाला आणि कब्जा विकता येऊ लागला, तेव्हा जमिनीला किंमत आली. किंमत आली म्हणून सावकार तिच्यावर कर्ज देऊ लागला. साऱ्याचा हप्ता रोख आणि ठरल्या तारखेला भरायचा असे. माल विकला जाण्याआधी हप्ता आला की सावकाराचे दार गाठावे लागे. पूर्वी सावकाराला गावाच्या मर्यादेत राहून वसुली करावी लागे. आता दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा त्याच्या हातात होता. जो नंबर शेतकऱ्याच्या हक्काची खूण होता, तोच गहाणखतात लिहिला जाऊ लागला.

हा धोका कोणाच्याच ध्यानात आला नव्हता असे नाही. विंगेट यांनी १८५२ मध्येच शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाकडे आणि कोर्टामुळे सावकाराला मिळालेल्या बळाकडे सरकारचे लक्ष वेधले होते. पुढे १८५९ मध्ये त्यांनी भारतातून इंग्लंडला जाणाऱ्या पैशावर टीका करणारी पुस्तिका लिहिली. दादाभाई नौरोजींनी आपल्या मांडणीत तिचा आधार घेतला. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. कर्जाच्या व्यवहारांची खोलात जाऊन तपासणी करण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. दंग्यांमध्ये साऱ्याचा वाटा किती आणि सावकारीचा किती, यावर इतिहास अभ्यासकांत आजही एकमत नाही.

आज या कामाचे काय उरले आहे?

१९४७ च्या कायद्यानंतर जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. सातबारा हा उतारा त्याआधीच, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हक्कनोंदणीच्या कायद्यांतून आकाराला आला होता. त्यातला नमुना सात हक्काचा आणि नमुना बारा पिकांचा. क्षेत्र आता हेक्टर-आरमध्ये लिहितात. पीकपाहणी मोबाइलवर होते. महसूल हे राज्याच्या उत्पन्नाचे मुख्य साधन राहिलेले नाही, त्यामुळे आकाराची रक्कम नाममात्र झाली आहे.

तरी सांगाडा तोच आहे. प्रत्येक शेताला स्वतंत्र नंबर, नंबराला नकाशा, नकाशाला हद्द आणि हद्दीवर हक्क. बांध कोरल्याची तक्रार आली की भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार जुना नकाशा काढतो. त्या नकाशाचा वंश शोधत गेले तर वाट इंदापूरच्या पाहणीकडे जाते.

गोल्डस्मिड यांचे नाव मात्र महसूल खात्याच्या प्रशिक्षणात आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत राहिले आहे. त्यांच्या कामातून दोन गोष्टी दिसतात. सारा शेतकऱ्याला झेपेल इतका ठेवला आणि तो बदलणार नाही असा शब्द दिला, तेव्हा पडीक माळावर पुन्हा पीक उभे राहिले. तीस वर्षांनी तेजीच्या भरात तो वाढवला, तेव्हा त्याच पट्ट्यात खतपत्रे जळाली. या दोन टोकांमध्ये मोजणीची साखळी आणि मातीचे वर्ग तेच होते. बदलला होता तो फक्त दर.